थोरली नेऊ की धाकटी?

आमच्याकडे दोन चेनसॉ होत्या. हे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली वीस इंची पट्टीची, उचलली की कमरेत कळ यावी इतकी जड. धाकटी चौदा इंची, हलकी, पण जाड ओंडका दिसला की कुरकुरणारी. "दोघींचे स्वभाव वेगळे," हे आल्यागेल्याला सांगत, "पण तेल पाजायला विसरलं की दोघी सारख्याच तोंड फिरवतात." लोक हसत. दर वेळी तोच विनोद, तरी मीही हसायची.

घरात ऊब आहे ती एका लोखंडी शेगडीची, आणि शेगडी लाकडावर चालते. वर्षाला भिंतीला लागून छातीइतकी रास लागते. कापायचं काम ह्यांचं, रचायचं माझं.

माझं एक साधं व्रत आहे. उठल्यापासून जपमाळ पुरी होईपर्यंत बोलायचं नाही. एकशे आठ मणी. एकोणीस वर्षं झाली. दुखणी आली, पाहुणे आले, एकदा छप्पर उडालं, पण माळेआधी तोंडातून शब्द गेला नाही. ह्यांना देवाचं फारसं नसलं तरी त्यांनी कधी अडवलं नाही. उलट माझ्या मौनाशी त्यांनी आपलं एक खातं उघडलं होतं. कापायच्या दिवशी शेडकडे जाताना दारात थांबून विचारायचे, "थोरली नेऊ की धाकटी?" मी खिडकीतून अंगणातले ओंडके बघायची. बारीक असले तर एक बोट वर, जाड असले तर दोन. मग ते जायचे. त्यांना स्वतःला कळत नव्हतं अशातला भाग नाही. विचारल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे, एवढंच.

त्या सकाळी मी एकही बोट वर केलं नाही.

आदल्या दिवशी दुपारी कानसचा फोन आला होता. कानस म्हणजे आमचा करवती दुरुस्त करणारा. त्याच्या खिशात कायम कानस असते म्हणून सगळे त्याला तसंच हाक मारतात. थोरलीला धार लावून त्यानं ती सकाळीच परत दिली होती. तिचा ब्रेक झिजलाय, हे सांगायचं मात्र राहून गेलं होतं. ब्रेकचा नवा पट्टा मागवलाय, चार दिवसांत येईल, तोवर थोरलीला कुणी हात लावू नका, असं त्यानं दोनदा बजावलं. सांगते, मी म्हणाले. आणि सांगणारही होते.

संध्याकाळी नणंद जेवायला आली. ती दोन गल्ल्या सोडून राहते, आणि जीभ तिची घरात शिरायच्या आधी अंगणात शिरते. जेवताना म्हणाली, "वहिनीचा देव सकाळी आठपर्यंत मुका असतो. आठनंतर मात्र तोच दादाला धारेवर धरतो." वाईट हेतू नव्हता तिचा. पण हे हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला ते लागलं. एकोणीस वर्षांत त्यांनी त्या गोष्टीवर कधी हसून घेतलं नव्हतं. मी गप्प बसले, आणि गप्पच झोपले. फोनचं उद्या माळ झाल्यावर सांगू म्हटलं.

सकाळी ते दारात आले. "थोरली नेऊ की धाकटी?"

मी ऐकलं. ऐंशीवा मणी बोटांत होता. डोळे मिटलेले होते ते मी उघडले नाहीत. एक बोट पुरलं असतं. ते थोडा वेळ थांबले. "बरं," म्हणाले, "आज देवाचं काम जास्त दिसतंय." आणि गेले.

करवतीच्या पट्टीचं टोक लाकडाला लागलं की ती उलटी उसळते, माणसाच्या अंगावर येते. तेव्हा चेन थांबवायला तो ब्रेक असतो. हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा एवढंच कळलं, की बाहेरचा आवाज मधेच बदलला आणि मग बंद झाला. माझे अकरा मणी उरले होते. मी धावले. ह्यांच्या खांद्यावर शाल दाबून धरली, रस्त्यावर जाऊन हातवारे करून शेजाऱ्याला आणलं. हाक मारली नाही. गाडीत बसल्यावर शेजारी म्हणाला, काहीतरी बोला हो. मी उरलेले अकरा मणी पुरे केले आणि मग त्याला दवाखान्याचा रस्ता सांगितला. व्रत त्या दिवशीही मोडलं नाही.

ह्यांचा डावा हात आता खांद्यापासून लोंबतो. बोटं हलतात, पण कप धरवत नाही. मी रोज त्यांच्या शर्टाची बटणं लावते, नखं कापते, बुटांच्या नाड्या बांधते. माळही करते. मणी सरकतात. मनात काही नसतं, दुःखसुद्धा नसतं. भाजून बधिर झालेल्या बोटाला जसं गरम-गार कळत नाही, तसं. माळेनंतर सांगू असं रोज ठरवते, आणि माळेनंतर चहा असतो, औषध असतं, नणंद असते. असे आठ महिने गेले.

थंडी दाराशी आली तेव्हा मागच्या वर्षीची रास गुडघ्याखाली उतरली होती, आणि अंगणात अख्खे ओंडके तसेच पडून होते. नणंद म्हणाली, विजेची शेगडी घ्या, त्या दोन सटव्या एकदाच्या विकून टाका. हे म्हणाले, ही कापेल. नणंदेनं माझ्याकडे पाहिलं. "वहिनी? तिला साधी कात्री चालवताना बघितलंय मी." पण ह्यांनी विषय संपवला होता. मला वाटलं, ही शिक्षा असेल तर बरी आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही थोरलीला पोत्यात गुंडाळून कानसकडे गेलो. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर चेनची वेटोळी टांगलेली, पायाखाली भुसा आणि तेलाचा वास. कानसनं थोरली आत ठेवून घेतली आणि मला स्टुलावर बसवून विचारायला लागला. सगळ्यात जाड ओंडका केवढा? वर्षाला किती लाकूड? पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला जमेल का, पन्नासाला एक? दोरी ओढून इंजिन चालू करायला खांद्यात जोर आहे का? मी खरी खरी उत्तरं दिली. शेवटच्या प्रश्नाला नाही म्हणाले.

मग त्यानं बॅटरीवरची एक खाली काढली. बारा इंची पट्टी. पेट्रोल नको, दोरी नको, बटण सोडलं की चेन थांबते. ओंडका पट्टीहून जाड असेल तर एका बाजूनं अर्धा कापायचा, फिरवायचा, मग दुसऱ्या बाजूनं. तेल मात्र हिलाही लागतं. त्यानं ती माझ्या हातात दिली. हलकी होती. पुढचा दांडा मनगटानं पुढे ढकलून दाखवायला लावला. खट् आवाज झाला. "हा ब्रेक," तो म्हणाला. "कापायला बसायच्या आधी रोज हा आवाज ऐकायचा. ऐकू आला नाही तर करवत खाली ठेवायची."

मी पुन्हा ढकलला. खट्.

ह्यांनी तोवर धाकटीसाठी नवी चेन निवडायला घेतली होती. कानस त्यांच्याकडे वळला. त्याच्या पोटात ते बरेच दिवस असावं. "एक सांगू का? चूक माझी, मी सकाळीच सांगायला हवं होतं. पण दुपारी फोन तर केला होता ना मी घरी? तरी तुम्ही थोरलीलाच हात लावलात. इतका हट्ट बरा नव्हे, मालक."

मी करवत मांडीवर धरून बसले होते. तिचं वजन तेवढं मला कळत होतं.

हे चेनची डबी उजव्या हातात फिरवत राहिले. वर बघितलं नाही. "हो," म्हणाले. "हिनं सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

कानसनं मान हलवली, बिल केलं. आम्ही खोकं घेऊन निघालो. वाटेत हे तेलाबद्दल बोलत होते, कुठलं घट्ट, कुठलं पातळ, थंडीत कुठलं गोठतं. मी हूं हूं करत होते. कानस दवाखान्यात तिसऱ्या दिवशी भेटायला आला होता, मी औषध आणायला खाली गेले असताना. फोनचं ह्यांना तेव्हाच कळलं असणार. आठ महिने मी रोज सकाळी ज्या माणसाची बटणं लावत होते, त्याला ठाऊक होतं.

घरी नणंद वाट बघत होती. खोकं बघून म्हणाली, "तिसरी केलीस का रे दादा?" हे हसले. मला लागलं नाही.

सकाळी मी माळेला बसले. उजेड नुकता आला होता. नव्वदाव्या मण्याच्या आसपास दारात पाऊल वाजलं. आठ महिन्यांत ते त्या दारात थांबले नव्हते.

"आज कुठली?" त्यांनी विचारलं. "धाकटी की नवी?"

बोट वर करता आलं असतं. आणखी अठरा मणी, मग चहा, मग औषध.

"कानसचा फोन मी घेतला होता," मी म्हणाले. आवाज घोगरा आला. सकाळी त्या वेळी मला बोलायची सवयच नव्हती. "तुम्हाला सांगितलं नव्हतं."

ते आधी माळेकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "ठाऊक आहे," म्हणाले. "राहून गेलं असेल. जपात होतीस."

"जपात नव्हते."

त्यांनी चौकटीला हात टेकला.

"तुम्ही विचारलेलं मी ऐकलं होतं. ब्रेकचंही आठवत होतं. आदल्या रात्री तुम्ही हसलात म्हणून रुसले होते मी. डोळे मुद्दाम मिटून बसले होते."

उजव्या हातानं त्यांनी डावा कोपर उचलून धरला. दुखायला लागलं की धरतात तसा.

"हे ठाऊक नव्हतं," म्हणाले.

आणि अंगणात गेले.

मी माळ डबीत ठेवली. अठरा मणी तसेच राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. नवी करवत घेतली, जाड बूट घातले, चष्मा लावला. बाहेर ह्यांनी एका हातानं आणि गुडघ्यानं रेटत एक ओंडका लाकडी घोडीवर चढवून ठेवला होता. मध्यम जाडीचा, नव्या माणसाला जमेल असा. माझ्याकडे न बघता ते घोडीपासून चार पावलं मागे सरकले.

मी ब्रेक ढकलला. खट्.

"पुन्हा," ते म्हणाले.

मी पुन्हा ढकलला.

"आता सोड. दोन्ही हात घट्ट. टोक लावायचं नाही, मधून काप."

चेन लाकडात उतरली तेव्हा भुसा माझ्या बुटांवर पडला. ओंडक्याचा तुकडा सुटून खाली आला. कापलेली बाजू फिकट, ओलसर होती. मी बटण सोडलं आणि त्यांच्याकडे बघितलं. ते तुकड्याकडे बघत होते.

"वाकडा कापलास," म्हणाले. "दुसरा घे."

दिवसभर त्याखेरीज ते माझ्याशी काही बोलले नाहीत. मी सतरा तुकडे कापले आणि रचले. दुसऱ्या दिवशी माळ पहिल्या मण्यापासून धरली. दारात पाऊल वाजलं, थांबलं. त्यांनी काही विचारलं नाही. मी डोळे उघडले, खिडकीतून ओंडके बघितले, आणि नवीसाठी एक बोट वर केलं. ते शेडकडे गेले.