पाऊण इंच

पेणच्या कोर्टात व्यापारी दाव्यांसाठी वेगळा न्यायाधीश नेमायचं ठरलं. धंद्याचे दावे चालवलेली आणि निकाल वेळेत देणारी म्हणून हायकोर्टाने चौघांतून रोह्याच्या कोर्टातल्या न्यायाधीश रोहिणीचं नाव निवडलं, आणि वकिलांच्या बाररूममधल्या चहाची चवच गेली. गागोद्याकडच्या भातशेतकऱ्याची मुलगी, हिला बाजारातलं काय कळणार, असं ज्येष्ठ वकील सुश्रुत उघड म्हणाले. ते रोहिणीच्या कानावर गेलं आणि झोंबलंही.

पहिलाच दावा हमरापूरचा. मूर्तिकार सरूबाईंचं म्हणणं, कारखानदार हर्षदने आपल्या गणपतीवरून चोरून साचा काढला. हर्षद म्हणे, मूळ घडण माझी, चोरी बाईची. ज्याची घडण ठरेल त्यानेच ती मूर्ती विकायची, दुसऱ्याने हात चोळत बसायचं.

दोघांच्या शाडूच्या मूर्ती टेबलावर आल्या, आणि चोर कोण ते रोहिणीला बघताक्षणी कळलं. कॉलेजच्या सुट्ट्यांत तिने हमरापुरात मूर्ती रंगवल्या होत्या. हे तिने दोन्ही पक्षांना आधीच सांगितलं होतं आणि कुणाची हरकत नव्हती. पण आपल्याला ठाऊक आहे म्हणून न्यायाधीशाने निकाल द्यायचा नसतो, पुराव्यात येईल तेवढ्यावरच द्यायचा असतो. गप्प बसणं तिला फार जड गेलं.

तिने मूर्ती मोजायला लावल्या. सरूबाईंची पंधरा इंच भरली, हर्षदची सव्वाचौदा.

"मॅडम, पाऊण इंचाने काय होतंय?" हर्षदचे वकील सुश्रुतच होते.

"साक्षीदारालाच विचारू." हर्षद पिंजऱ्यात उभा होताच. "शाडूची मूर्ती साच्यातून काढली की तेवढीच राहते?"

"नाय मॅडम, वाळली की आटते. पंधराची असली तर पाऊण इंच जातोच," हर्षद ऐटीत म्हणाला. आपली जाणकारी दाखवायची संधी तो कशाला सोडेल?

"म्हणजे वाळलेल्या मूर्तीवरून साचा काढला, तर त्यातली मूर्ती लहानच होणार?"

"व्हय."

"मग तुमच्या सव्वाचौदाच्या मूर्तीवरून पंधराची कशी निघाली?"

हर्षदने सुश्रुतांकडे पाहिलं. सुश्रुत कागद चाळायला लागले.

"नाय निघत," तो अखेर म्हणाला.

"आणि सरूबाईंच्या पंधराच्या मूर्तीवरून काढली तर वाळून किती भरेल?"

हर्षदने टेबलावरच्या आपल्या मूर्तीकडे पाहिलं.

"सव्वाचौदा."

रोहिणीने ते उत्तर जसंच्या तसं टाइप करायला सांगितलं आणि खाली हर्षदची सही घेतली. तिला इतका आनंद झाला होता की चेहरा सरळ ठेवणं कठीण जात होतं.

मागच्या बाकावर सरूबाई उठून उभ्या राहिल्या. "माझा गणपती हाय तो," त्या भरल्या कोर्टात मोठ्याने म्हणाल्या.

शिपाई त्यांना गप्प करायला निघाला. रोहिणीने मान हलवून त्याला थांबवलं.