माती उकरायची पाळी

गिरगावातल्या आमच्या तालमीत पोरांपेक्षा बाप्येच डोक्याला जास्त ताप देतात. पोराला एक धपाटा घातला की ते जोर काढायला लागतं. बाप्याला आधी बोलवा, मग सांभाळा आणि नाही आला तर शोधत फिरा. वस्ताद झालो की दाई, देव जाणे!

कमलाकांतराव हे त्यातले मेरुमणी. जुन्या प्रभू घराण्यातले, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. बायको गेल्यापासून नुसतं बसून अंग इतकं सुटलं की जिना चढताना धाप लागे. "अशाने वर्ष काढणार नाही," असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, तेव्हा त्यांची लेक उर्मिला माझ्या घरी येऊन रडली, आणि मी त्यांना तालमीत आणलं.

मोठा माणूस म्हणून मी त्यांची बडदास्त ठेवली. दोन-चार जोर काढले की म्हणायचो, "बसा रावसाहेब, दमलात." खास स्टूल आणलं. आखाड्याची माती रोज उकरावी लागते, त्याच्या सगळ्यांच्या पाळ्या असतात. त्यांची पाळी मी लावलीच नाही. कोळीवाड्यातला रघू त्यावरून कुरकुरला, तर त्यालाच दटावलं.

आणि एवढं करून हा गृहस्थ यायचाच बंद! करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. तणतणतच त्यांचं घर गाठलं.

"काय कमी पडलं तुम्हाला?"

ते खुर्चीतूनच म्हणाले, "वस्ताद, कचेरीत शिपाई 'बसा' म्हणतो, घरी लेक 'बसा' म्हणते. तुम्हीही तेच. रघूला शिव्या घालता, राबवता. मला कशात धरतच नाही. मग बसूनच मरायचं तर घरचं काय वाईट?"

मला असा राग आला! त्यांचा की माझा, कळेना.

"उद्या सकाळी तुमची पाळी," मी ओरडलो. "उशीर केलात तर तंगडी मोडीन!"

आले. कुदळ धरली तीही उलटी. मी तोंडाचा पट्टा सोडला. थोडी माती उकरून ते धापा टाकत थांबले. सवयीने माझ्या तोंडात "बसा" आलं, ते गिळलं आणि स्टुलावर मीच जाऊन बसलो.

लंगोट कसता कसता रघू बघत होता. तो आखाड्यात उतरला, दुसरी कुदळ उचलली.

"ओ रावसाहेब, माती काय माझ्या एकट्याच्या बापाची हाय? निम्मी तुमची. मारा!"

कमलाकांतरावांनी धोतराला हात पुसले आणि पुन्हा कुदळ उचलली. तोंडभर घाम, मिशांत माती, आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदाच हा माणूस हसत होता.

"हसता काय?" मी खेकसलो. "मारा!"