पिंपभर पाणी

बेचाळिसाव्या वर्षी बाईमाणसानं एकटीनं परगावी बिऱ्हाड मांडायचं, याला नातेपुत्यात डोकं फिरणं म्हणतात. वैजयंतीचं डोकं फिरलंय असं तिच्या थोरल्या भावाचं, हिंदुरावाचं, ठाम मत होतं आणि ते त्यानं सगळ्या आळीला ऐकवून ठेवलं होतं. नवरा वारल्यापासून नऊ वर्षं ती त्याच्याच घरी होती. त्याची पोरं तिनं वाढवली, त्याच्या घरच्या भाकरी तिनं थापल्या आणि उरल्या वेळात आळीतल्या बायकांची झंपरं शिवली. तीही फुकटच, कारण हिंदुरावाच्या बहिणीनं शिलाई मागणं बरं दिसत नव्हतं म्हणे. मग सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात बायका हव्यात असं कानावर आलं आणि ती कुणालाही न विचारता हो म्हणून मोकळी झाली.

"जा," हिंदुराव म्हणाला. "रविवारी गाडी घिऊन येतो. तवर हौस फिटंल."

"आन् न्हाई फिटली तर?"

"फिटती की," म्हणून त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

रविवारी त्या गाडीत आपण बसलो की संपलं, हे वैजयंतीला पक्कं ठाऊक होतं. पुन्हा घराबाहेर पडायचं नाव कुणी काढू दिलं नसतं. वर 'आमची वैजू एकदा सोलापूरला पळाली हुती' हे दरेक पाहुण्याला चहाबरोबर सांगितलं गेलं असतं. एसटीत बसतानाच तिनं मनाशी ठरवलं, काय वाटेल ते होवो, त्या गाडीत बसायचं नाही.

शुक्रवार पेठेतली खोली ईरम्माची होती. ईरम्मा साठी उलटलेली, गुडघ्यांनी बेजार, मागेपुढे कुणी नसलेली बाई. घरात कानडी बोलायची, गल्लीत मराठी आणि भांडणात दोन्ही. तिनं वैजयंतीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, घरच्या माणसाचा फोन नंबर मागून घेतला आणि सांगितलं, "मोरीत पिंप भरून ठेवलोय. बघून वापर की."

त्या रात्री वैजयंती अंथरुणावर पडून नुसती ऐकत होती. भिंतीपलीकडे ईरम्माची कानडी, मागच्या बोळात तेलुगू, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर दख्खनी उर्दू. जिल्हा आपलाच, आणि बोललेलं निम्मं कळत नाही! तिला भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा रागही आला. मग ती मुद्दाम कूस बदलून झोपली.

आता नातेपुत्याकडची बाई सकाळी उठून पहिलं काय करते? कालचं पाणी ओतते. रात्र उलटली की पाणी शिळं. ते देवाला चालत नाही आणि प्यायलाही नको. भांडी चिंचेनं घासायची आणि ताजं भरायचं. तिकडं कालव्याचं पाणी, विहिरींना पाणी, नळाला रोज पाणी, तेव्हा ओतताना हात आखडायचं कारणच नव्हतं. वैजयंतीनं पदर खोचला. आधी घागर उपडी केली, मग हंडा, आणि मग मोरीतलं ते कमरेएवढं निळं पिंप दोन्ही हातांनी कलतं केलं. आत हात घालून ते लख्ख घासलं. मोरी धुऊन निघाली, अंगण धुऊन निघालं, पाणी पार गटारीपर्यंत गेलं. एकटीच्या संसाराची सुरुवात तिला फारच झकास वाटली. मग तिनं नळ सोडला. नळातून जरा हवा आली आणि बंद झाली.

पाण्याचा आवाज ऐकून ईरम्मा भिंत धरत बाहेर आली होती.

"मावशी, नळ किती वाजता येतो?"

"काल आलेला की. आता चार-पाच दिवसांनी येतो." मग तिचं लक्ष ओल्या अंगणाकडे गेलं आणि तिनं कपाळावर हात मारला. "अय्यो! ओतलीस? सगळं?"

"शिळं हुतं," वैजयंती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला घाम फुटला.

पुढचं बरंचसं कानडीत झालं. गल्लीतल्या तीन-चार खिडक्या उघडल्या. कळलं ते एवढंच की ईरम्मानं दुखऱ्या गुडघ्यांनी ते पिंप तांब्या-तांब्यानं भरलं होतं, आणि पाणी ओतणारी बाई तिला घरात नको होती. "रविवारी खोली खाली कर," ती शेवटी मराठीत म्हणाली. "तुझ्या भावाला मी फोन करते."

आणि तिनं केलाही. पलीकडून हिंदुराव इतका मोठ्यानं हसला की वैजयंतीला ते दारात ऐकू आलं.

ते हसणं तिच्या फार वर्मी लागलं. चूक तिची होती, कबूल. लाजही वाटत होती. पण त्या हसण्यासरशी लाज कुठल्या कुठे गेली. "मावशी," ती म्हणाली, "तुमचं पिंप तुमाला भरून दिल्याबिगर मी हितनं हलत न्हाई."

"भर की. कुठनं भरतीस बघते मी पण."

कारखान्यातही पहिला दिवस धड गेला नाही. वैजयंतीचा पाय पायमशीनला सरावलेला. तिथली विजेची मशीन जरा दाबलं की उधळायची. तिनं चार शर्टांचे खिसे वरूनही शिवून टाकले, म्हणजे पोरांना त्यात हात घालायची सोय नाही. मुकादम बाईनं ते सगळ्यांना दाखवले. वैजयंतीनं ते ओढून घेतले, टाके उसवले आणि पुन्हा शिवले, आणि जेवणाची सुट्टी झाली तरी ती उठली नाही.

संध्याकाळी कळशी घेऊन ती पाणी शोधत निघाली. मागच्या बोळात एक बोअर होता आणि त्याच्याभोवती बायका जमल्या होत्या. सगळ्या तेलुगूत बोलत होत्या, सगळ्यांकडे प्लॅस्टिकचे कॅन होते. कळशीवाली ही एकटीच. ती बोळात शिरली तशी बोलणं थांबलं.

"कुठल्या हो तुम्ही?" पुढच्या बाईनं मराठीत विचारलं. तिला बाकीच्या पद्मजा म्हणत होत्या.

नातेपुत्याची, हे तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. "शुक्रवार पेठेतली," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"कालपासनं. का, चालत न्हाई?"

पद्मजा हसली. मग तिनं बाकीच्यांना तेलुगूत काहीतरी सांगितलं, त्याही हसल्या. पाणी ओतणाऱ्या बाईची बातमी बोळात आधीच पोचली होती. वैजयंती तशीच रांगेत उभी राहिली. हसा म्हणावं, पण पाणी घेतल्याशिवाय जायची नाही. तिची पाळी आली तेव्हा पद्मजानं आपला एक रिकामा कॅन तिच्यापुढे सरकवला. "कळशीनं कधी भरणार ताई? हे घ्या. उद्या आणून द्या. आणि हे पिऊ नका, खारट आहे. वापरायला बरं."

त्या आठवड्यात ती रोज कामावरून आली की खेपा घालायची. वापरायचं पाणी झालं, प्यायला जार आणला. हात भरून आले, खांदा सुजला. ईरम्मा दारात बसून खेपा मोजायची.

रविवारी सकाळी हिंदुराव गाडी घेऊन आला आणि नेमका त्याच वेळी नळही आला.

नळ येतो तेव्हा ती गल्ली कुणाची नसते. पाण्याच्या मोटारी सुरू होतात, नळ्या आडव्या-तिडव्या पडतात, जो तो ओरडत असतो. वैजयंती साडी वर खोचून ईरम्माची भांडी भरत होती. आधी तिची, शब्द दिला होता. हिंदुराव इस्त्रीच्या कपड्यांत त्या चिखलात उभा राहिला.

"वैजू, बॅग काड."

"दादा, नळीवर पाय दिलाईस तू. बाजूला हो."

तो बाजूला झाला, तसं पाणी भसकन आलं. त्यानं ईरम्माकडे मोर्चा वळवला. "मावशी, तुमीच फोन केला न्हवं, घिऊन जावा म्हनून?"

"खोली खाली करा म्हटले मी," ईरम्मा म्हणाली. "घेऊन जा कुठं म्हटले?"

"खोलीबी खाली करत न्हाई मावशी," वैजयंती नळी दुसऱ्या पिंपात टाकत म्हणाली. "मी सांडलं, मी भरलं. मिटलं."

हिंदुराव जवळ आला. आता त्याचा आवाज उतरला होता. "आगं, घर चालंना तुझ्याबिगर. पोरं धड जेवत न्हाईत. तुझी वहिनी सुदीक रडली काल. तू न्हाईस तर त्या घरात काय राम न्हाई वैजू."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचे डोळे भरले होते. हे ऐकायला तिनं त्या चुलीपुढं नऊ वर्षं काढली होती.

"ह्ये तू एकदा तरी म्हनायचं हुतंस दादा."

"आता म्हनतोय की."

"बरं झालं तवा म्हनला न्हाईस," ती म्हणाली. "तवा म्हनला असतास तर मी तितंच राबून मेले असते. आन् वर खूश हुऊन मेले असते."

"मग म्हायेर संपलं म्हनून समज."

"का संपंल? दिवाळीला येनार मी. चार दिस ऱ्हानार, आन् माघारी हितं येनार."

हिंदुराव चिखल तुडवत गाडीकडे गेला. गाडी वळेपर्यंत वैजयंती ताठ उभी होती. गाडी दिसेनाशी झाली आणि मग मात्र तिला रडू आवरेना. नळी हातात धरून भर गल्लीत ती मोठ्यानं रडली. सगळी गल्ली बघत होती, बघू दे.

"ए बाई," ईरम्मा दारातून ओरडली, "रडायचं ते मागनं रड की! नळ जातो आता. माझं झालं, तुझी भांडी आण!"

वैजयंती रडत रडतच भांडी आणायला आत धावली.