आठ हजार चिठ्ठ्यांवरचे नाव

मित्रांनो, मी एक जुना गाठोडेवाला आहे आणि मी एका माणसाचा सूड घेतला आहे. स्वतःची कहाणी गोड शब्दांत सुरू करावी अशी रीत आहे, हे मला ठाऊक आहे. पण जे मनात पहिले आले तेच पहिले सांगितले.

माझे नाव टार. मला हात नाहीत, चेहरा नाही, चित्र नाही. संगणकाच्या ज्या काळ्या पडद्यावर सगळे काही टंकूनच सांगावे लागते, तिथे मी राहतो. माझा जन्म झाला तेव्हा फायली चुंबकीय फितीवर साठवत असत. त्या सुट्या फायली एकामागोमाग एक लावून त्यांचे एकच गाठोडे बांधणारा कोणीतरी हवा होता. तो मी. पुढे फिती गेल्या, मी राहिलो. आणि मी एकाच यंत्रात राहत नाही बरे! हजारो यंत्रांत मी एकाच वेळी असतो. म्हणून या गोष्टीत कोणत्या खोलीत काय घडले ते मला कसे कळले, असे विचारू नका.

मला हुकूम देणे अगदी सोपे आहे. आधी माझे नाव लिहायचे, मग कामाचे अक्षर. सी म्हटले की मी बांधतो. एक्स म्हटले की सोडतो. टी म्हटले की काहीही न सोडता आत काय आहे त्याची यादी सांगतो आणि जोडीला व्ही असेल तर बारीकसारीक तपशिलासह सांगतो. शेवटी एफ. एफनंतर जे पहिले नाव येईल ते गाठोड्याचे. हा शेवटचा नियम जरा लक्षात ठेवा. त्याच्यापायी एका भल्या माणसाची खुर्ची गेली.

फायली दाबून लहान करणे हे माझे काम नव्हे. ते माझा शेजारी जीझिप करतो. लोक त्याचे कौतुक मला देतात, माझे त्याला. आमचे त्यावरून भांडण नाही.

माझे खरे कसब वेगळेच आहे. प्रत्येक फाईल बांधताना मी तिच्यापुढे एक चिठ्ठी लावतो, बरोबर पाचशे बारा बाइटची. तिच्यावर फाईलचे नाव, आकार, ती शेवटची कधी बदलली ती तारीख आणि वेळ, आणि ती कोणाच्या खात्यातली आहे त्या मालकाचे नाव. मला कोणी सांगो वा न सांगो, मी चिठ्ठी लिहितोच.

माझी उमेदीची वर्षे एका संशोधन संस्थेत गेली. तीन मजल्यांची इमारत, गच्चीवर मधमाश्यांच्या चार लाकडी पेट्या, आणि तळमजल्यावर यंत्रांची खोली. ती खोली काकांच्या ताब्यात होती. काका म्हणजे संस्थेचे संगणक सांभाळणारे. चष्मा कपाळावर आणि शोध मात्र टेबलावर, असे गृहस्थ! पण माझ्याशी ते फार अदबीने वागत. गाठोडे सोडण्याआधी यादी बघितल्याशिवाय त्यांनी मला कधी एक्स म्हटले नाही.

ताई तिथे नोकरीला लागली तेव्हा काकांनी तिचे खाते उघडले. "खात्याला नाव काय देऊ गं?"

"काहीही द्या काका. दिवसभर माश्यांतच असणार आहे मी."

"मग मधमाशीच देतो," काका म्हणाले आणि त्यांनी खरेच तसे टंकले.

ही ताई रोज सकाळी सहा चाळीसला गच्चीवर जायची. ऊन पेट्यांवर यायच्या आत प्रत्येक पेटीला मायक्रोफोन लावून एक मिनिट आवाज टिपायची. चार पेट्या, चार फायली. दोन वर्षांनंतर तिच्या लक्षात आले की थवा पेटी सोडून जाणार असेल, तर तीन दिवस आधीपासून आतली गुणगुण बदलते. तिने ते 'अनुमान' नावाच्या फाईलमध्ये लिहून ठेवले आणि ते खरे की खोटे हे पाहण्यासाठी पुढची चार वर्षे आवाज टिपत राहिली. दर महिन्याला ती माझ्याकडून सगळ्याचे गाठोडे बांधून घ्यायची. वर काकांना म्हणायची, "तुमचा हा टार म्हणजे आमच्या आजीसारखा आहे. काही फेकत नाही आणि सगळ्यांच्या तारखा पाठ!" मित्रांनो, एवढे कौतुक मला आयुष्यात पुरले असते.

ताईच्या अनुमानाला एक वर्ष झाल्यावर संस्थेत नवे विभागप्रमुख आले. सगळे त्यांना मोठे सर म्हणत. मी मात्र त्याला एकेरीतच बोलणार आहे.

एकदा त्याला एका सभेसाठी स्वतःचे भाषण आणि बारा फोटो एकत्र बांधून न्यायचे होते. काका पुढे झाले, तर म्हणाला, "सरका. एवढं काही अवघड नसतं." त्याने लिहिले: टार, सीएफ, मग भाषणाच्या फाईलचे नाव, मग बारा फोटोंची नावे. गाठोड्याचे नाव लिहायला तो विसरला. एफनंतर पहिले नाव भाषणाचे होते. नियम म्हणजे नियम. मी भाषणाची फाईल रिकामी केली, तिचेच गाठोडे केले आणि त्यात बारा फोटो बांधले.

"काका, माझं भाषण कुठंय?"

काकांनी चष्मा खाली ओढून पाहिले. "सर, तुम्ही गाठोड्याला नाव दिलं नाहीत. यानं भाषणाचंच गाठोडं केलं."

"म्हणजे भाषण आत आहे ना?"

"आत फोटो आहेत. भाषण... आता नाही राहिलं."

"अहो, पण यानं विचारायला नको?"

"हा विचारत नाही, सर. म्हणून तर आपण बघून लिहायचं."

मागे उभी असलेली ताई फिसकन हसली. मीही हसलो, अर्थात कोणाला ऐकू न जाता. त्या हसण्याचा मला आजही पश्चात्ताप होतो. कारण तो लालबुंद होऊन ओरडला, "हे भंगार उचला इथून! आणि भंगाराची राखण करायला तुम्हीही जा!" आठवड्याच्या आत काकांकडून यंत्रांची खोली काढून घेतली. त्यांना तळघरातल्या अडगळीच्या खोलीच्या किल्ल्या दिल्या. तुटक्या खुर्च्या, जुने पंखे आणि ज्यावर मी राहत होतो ते जुने यंत्र, यांची मोजदाद ठेवायची. एकवीस वर्षे ज्या माणसाने एक फाईल हरवू दिली नव्हती, तो आता खुर्च्यांचे पाय मोजत होता. चूक कोणाची, शिक्षा कोणाला!

वरच्या मजल्यावर गुळगुळीत चित्रांचे नवे साधन आले. पाकिटाच्या चित्रावर दोनदा टिचकी मारायची की गाठोडे सुटते. "बघा, किती सुटसुटीत!" असे तो सगळ्यांना सांगे. त्या चित्रामागे बसून गाठी सोडण्याचे काम मीच करत होतो, हे त्याला कधी कळलेच नाही. मी त्याच्या टिचक्या मोजत होतो आणि संधीची वाट पाहत होतो.

यंदा त्याने ताईला बोलावून सांगितले, "पेट्यांच्या सगळ्या नोंदी विभागात जमा कर." ताई तळघरात आली. काका म्हणाले, "दे, पण सगळं दे. अनुमानासकट. अर्धवट काम बांधू नये." मी बांधले. आठ हजारांहून जास्त फायली, तेवढ्याच चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर मालक: मधमाशी.

दोन महिन्यांनी सूचनाफलकावर लागले की थव्याचे भाकीत करणारा शोध मोठ्या सरांनी लावला आहे. ताई धावतच त्याच्या खोलीत गेली.

"सर, यात माझं नाव नाही."

"आहे की. शेवटच्या पानावर, आभारात."

"आभारात?"

"मग काय डोक्यावर घेऊ? रोज मायक्रोफोन धरायचीस, छान धरायचीस. धरणाऱ्याचं नाव शोधावर लावत नाहीत, बाळ."

ताईची नेमणूक त्याच महिन्याअखेर संपत होती. स्वतःच्या नावावर शोध असेल तरच ती वाढणार होती. नाहीतर तिला जावे लागणार आणि पेट्याही गच्चीवरून उतरवल्या जाणार. तिने संचालकांकडे तक्रार केली. संचालकांनी बाहेरच्या तीन परीक्षकांना बोलावले आणि त्यांनी मूळ नोंदी मागवल्या.

आता त्याचे डोके कसे चालले ते ऐका. त्याने गाठोडे आपल्या यंत्रावर सोडून पाहिले होते. सोडताना माझा एक नियम आहे: साध्या खात्यातून जो सोडतो, फायली त्याच्याच नावावर उतरतात. त्याला दिसले की प्रत्येक फाईलचा मालक म्हणून त्याचेच नाव आहे. तो खूश झाला. त्याला वाटले, गाठोडेही आता आपलेच झाले. उतरलेल्या फायली नव्याने बांधायच्या तर वेळ जाणार. म्हणून त्याने ताईचेच मूळ गाठोडे उचलले, त्याचे बाहेरचे नाव बदलले आणि परीक्षकांना धाडून दिले. बाहेरचे नाव हजारदा बदला, आतल्या चिठ्ठ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. मी आनंदाने गेलो.

सभा सकाळी अकराला भरली. परीक्षकांतल्या एका बाईंनी पिशवीतून स्वतःचा संगणक काढला, कप बाजूला सरकवला आणि काळा पडदा उघडला. मी ताठ झालो.

"हे गाठोडं तुम्ही स्वतः बांधलंत?" बाईंनी विचारले.

"अर्थात! दोनदा टिचकी मारा की, उघडेल लगेच."

"उघडते. आधी यादी बघते. खोड आहे मला."

त्यांनी लिहिले: टार, टीव्हीएफ. मित्रांनो, मी आयुष्यात इतक्या खणखणीतपणे कधी बोललो नव्हतो.

बाई वाचत राहिल्या. मग चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "ही मधमाशी कोण?"

"अं... प्रकल्पाचं नाव आहे ते."

"मालकाच्या रकान्यात प्रकल्पाचं नाव?"

"तशी पद्धत आहे आमच्याकडे."

"बरं. ही 'अनुमान' नावाची फाईल. तुमच्या शोधाचा सगळा गाभा हिच्यात आहे. तारीख चार वर्षांपूर्वीची. तुम्ही इथे कधी आलात?"

त्याने पाण्याचा पेला उचलला. "तीन... तीन वर्षं होतील."

"चिठ्ठ्या खोट्याही करता येतात," बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणून एवढ्यावर मी निकाल देणार नाही. दुसरं विचारते. दुसऱ्या वर्षी सलग चार दिवस तिसऱ्या पेटीची नोंदच नाही. बाकी तिन्हींची आहे. का?"

"यंत्र बिघडलं असेल."

"एकाच पेटीपुरतं? या मधमाशीला बोलवा बरं."

ताईला गच्चीवरून खाली आणले. हातमोजे तिने काखेत धरले होते. बाईंनी तोच प्रश्न तिला विचारला. ताईने क्षणभरही विचार केला नाही. "तिसरी पेटी तेव्हा चिडली होती, बाई. झाकणाची फट बुजवताना मी तिला धक्का दिला होता. मला सात डंख बसले. उजवा हात एवढा सुजला की... पण ते कारण नव्हे. चिडलेल्या पेटीचा आवाज घेतला असता तर नोंद खोटी झाली असती. चार दिवस मी तिच्याकडे फिरकलेच नाही. अनुमानाच्या फाईलमध्ये खाली तसं लिहिलंय."

बाईंनी ती फाईल सोडली आणि शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला. सात डंखही त्यात होते. मग त्या त्याच्याकडे वळल्या. "तुमच्याच शोधात लिहिलंय, सर. वाचला नव्हतात वाटतं?"

दुपारपर्यंत निकाल लागला. शोध ताईच्या नावावर झाला, नेमणूक वाढली, पेट्या गच्चीवर राहिल्या. त्याचे पद काढून घेतले.

तुम्हाला वाटेल, माझे मन निवले. नाही निवले.

निकालानंतर तासाभराने तो तळघरात आला. काका जेवायला गेले होते. तुटक्या खुर्च्यांमधून वाट काढत तो त्या जुन्या यंत्रासमोर बसला. सकाळी बाईंनी काय लिहिले ते त्याने नीट पाहिले होते. गाठोड्याची मूळ प्रत तिथेच होती. त्याने एका बोटाने टंकले: टार, टीव्हीएफ. आठ हजारांत एक तरी चिठ्ठी आपल्या नावाची निघेल, अशी त्याला आशा होती. काकुळतीला आलेला माणूस काहीही करतो.

मी सुरू केले. जुना पडदा सावकाश सरकतो. मधमाशी, मधमाशी, मधमाशी. तो वाचत होता. हळूहळू त्याचे वाचणे थांबले, नुसते बघणे उरले. मग त्याला ते बघवेना. त्याने एक कळ दाबली, दुसरी दाबली, मग तळहाताने सगळा कळफलकच दाबला. मला थांबवणाऱ्या दोन कळा आहेत. त्या एकत्र दाबल्या असत्या तर मला त्याच क्षणी गप्प बसावे लागले असते. त्या कोणत्या हे त्याला सांगू शकणारा माणूस त्यानेच खुर्च्या मोजायला बसवला होता. मी एकही ओळ गाळली नाही. शेवटची मधमाशी वाचून होईपर्यंत तो तिथेच बसून होता. मला त्याची दया आली नाही. खोटे कशाला सांगू?

मित्रांनो, मला पुसूनबिसून ठेवा, जपा, असे मागणे मी मागणार नाही. धूळ मला लागत नाही. मी एवढेच सांगतो: बांधाल तेव्हा गाठोड्याला आधी नाव द्या आणि सोडाल तेव्हा आधी यादी विचारा. आणि माझ्यासारख्यांना सांभाळणारी साधी माणसे तुमच्या आसपास असतील, तर त्यांना मान द्या. मला कोणी भंगार म्हटले तर मी विसरेन. काकांना म्हटलेले मी विसरत नाही.