भीमसेनांची फळी

भीमसेन महिनाभरासाठी म्हणून हॉलंडला, नायमेखनला लेकाकडे आले आणि कोरोनानं विमानंच बंद झाली. आता घ्या! फेब्रुवारीचा जून झाला, तरी त्यांचे कपडे धुतले की परत बॅगेतच जायचे. "पाहुण्यानं पसारा मांडू नये," म्हणायचे.

धम्मपालला ते फार लागायचं. पाहुणा? सख्ख्या लेकाच्या घरात? आई गेल्यापासून बाबा कार्ल्याला एकटेच. त्यांनी एकदा तरी या घराला आपलं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. पण सांगणार कोण? बापलेक दोघेही बोलण्यात महाकंजूष. त्याची बायको तेजल वैतागून म्हणायची, "तुम्ही दोघं एकमेकांना ईमेलच करा."

तेवढ्यात गल्लीत बाकाची टूम निघाली. घरात कोंडलेल्या म्हाताऱ्यांसाठी वाल नदीच्या काठी एक लांबलचक बाक करायचा. प्रत्येक घरानं एक फळी घासायची, तिच्यावर नाव आणि गाव कोरायचं. शेजारचा खेरित फळी दारात ठेवून दीड मीटर मागं सरला.

"ही मला दे," भीमसेन म्हणाले.

त्यांच्या अंगात एकदम वारंच शिरलं. तीस वर्षं कार्ल्याच्या लेण्यांची राखण केलेला माणूस! छिन्नी घेऊन अंगणात बसले आणि नातीला, मीराला, गोष्ट सुरू केली.

"दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून यवन यायचे. म्हणजे परदेशी, ग्रीक गं. सोपाऱ्याला गलबतं लावायची, द्राक्षाची दारू उतरवायची, मिरी नि कापड भरायचं. वारा फिरला की परत. पण काहीजण राहिले, बुद्धाला मानायला लागले. आपल्या लेण्यात त्यांनी एकेक खांब दान दिला, नाव कोरून!"

मीरा प्रश्न विचारायची डचमध्ये, पण जागची हलत नव्हती.

चौथ्या दिवशी धम्मपाल मीटिंग अर्धवट टाकून फळी बघायला आला. वर कोरलं होतं: 'नायमेखनचा यवन भीमसेन याचे दान.'

"बाबा, हे काय? कार्ला कुठं गेलं? गाव घालायचं होतं!"

"गावच घातलंय." भीमसेनांनी फुंकर मारून भुसा उडवला. "त्या खांबांवर कुठं त्यांचा लांबचा मुलूख लिहिलाय? 'धेनुकाकटचा यवन', बस्स. म्हणजे आपल्याकडचंच गाव, जिथं राहिले ते. अरे, व्यापाराला आलेली माणसं ती. तरी जिथं भाकरी खाल्ली, त्या गावाचं नाव लावलं. तीस वर्षं लोकांना पोपटासारखं सांगत होतो रे. इथं बसून कोरताना कुठं डोक्यात शिरलं."

धम्मपालनं कोरलेल्या अक्षरांवर बोट ठेवलं. "मग यवन कशाला?"

"घ्या! गाव माझं झालं म्हणून काय मी डच झालो?"

धम्मपाल हसायला गेला आणि भलतंच झालं, डोळेच भरून आले. शेजारी बघतील म्हणून तो तोंड फिरवायला लागला, तशी भीमसेनांनी आपल्या खरखरीत हातानं त्याची मान धरली.

"लाजतोस काय? रड की. आपल्याच घरात आहोत."