आहेराचं कुंपण

"इहीनबाई, ही साडी मी दिल्ती ना?"

वाटूरच्या सोनूबाई बांधावर उभ्या होत्या. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात कुंपणाच्या पोपटी साडीचा पदर. नातवाच्या जावळाचं आवतन द्यायला आलेल्या त्या. समोर त्यांची विहीण, म्हणजे आमची जयवंताबाई, हातात पाण्याचा तांब्या घेऊन अशी उभी, की पाणी आधी तिलाच पाजायला हवं होतं. आणि बाभळीखाली मी, रखमाजी. माझं शेत शेजारीच आहे, आणि जिथं भांडण व्हायचं असतं तिथं मी जरा लवकरच पोचतो.

कुंपणाची हकिकत अशी. जयवंताबाईची जुनी मोसंबीची बाग दुष्काळात वाळली. टँकरचं पाणी घालून घालून शेवटी तिचं सरपणच झालं. गेल्या पावसाळ्यात बाईनं हट्टानं नवी रोपं लावली. नवरा इंद्रभान म्हणाला, "लाव. पण ही बी गेली तर नांगर फिरवून सोयाबीन. मंग रडायचं न्हाई." रोपं जगली, गुडघ्याच्या वर आली, आणि थंडीत कुणीतरी ती खायला लागलं. रोज सकाळी एखाद-दुसऱ्याची मान उडालेली. जयवंताबाई उडालेला शेंडा उचलून ओच्यात घालायची, जसं काही तो परत चिकटवता येणार होता.

इंद्रभानचा संशय रोह्यावर. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडं त्यावर उपाय ठरलेला: शेताभोवती जुन्या साड्या ताणून बांधायच्या. वाऱ्यानं फडफडल्या की जनावराला वाटतं माणसं उभी आहेत. बायको अंबडला भावाकडं गेलेली. इंद्रभाननं तिची पेटी उघडली आणि सापडल्या तेवढ्या साड्या बाभळीच्या काटेरी खुंटांना बांधून टाकल्या. वर्षानुवर्षं पेटीत पडलेल्या, म्हणजे जुन्याच, हा हिशेब पुरुषच करू जाणे.

त्या सगळ्या आहेराच्या, घडी न मोडलेल्या. आहेराची साडी नेसायची नसते, फिरवायची असते. एका लग्नात यायची, दुसऱ्या लग्नात जायची. एसटीनं बघितली नसतील तेवढी गावं ती बघते. जयवंताबाई स्वतः जन्मभर दोन सुती साड्यांवर राहिली, एक अंगावर, एक दोरीवर. नवी काढ म्हटलं की म्हणायची, "मळंल. उद्या कुनाला द्यायला होईल." परत आल्यावर तिनं कुंपण बघितलं आणि नवऱ्याला जे सुनावलं ते रोह्यांनी ऐकलं असतं तर तालुका सोडला असता. पण सोडवायला गेली तर काट्यानं फाटतील, म्हणून तशाच राहिल्या.

"बोला ना," सोनूबाई म्हणाल्या. "माझ्या हातचं हळदीचं बोट हाये पदराला. आमची साडी रोह्याला नेसवली व्हय?"

जयवंताबाईची लेक शालू सोनूबाईच्या घरात नांदते. हे भांडण वाटूरला पोचलं असतं तर पोरीला वर्षभर ऐकावं लागलं असतं. म्हणून मी मध्ये पडलो.

"सोनूबाई, बाकीच्या साड्यांना रोही बिलकुल भेत न्हाई. परवा आल्ता. एकेक साडी हुंगत हुंगत तुमच्या साडीपाशी आला अन् थांबला. मागं फिरून मादीला म्हनला, 'चल वं. असा काठ आपल्या लग्नात बी नव्हता.' लाजून गेली बिचारी दोघं."

"रखमाजी, तुमच्या तोंडाला काटेरी कुंपन घाला," सोनूबाई म्हणाल्या, पण ओठ हललेच.

तेवढ्यात जयवंताबाईला वाचा फुटली. "अन् तिच्या बाजूची जांभळी बघा की. तिला बी बोट हाये. माझ्या हातचं. शालूच्या लग्नात मी तुमाला दिल्ती. माझ्या भाच्याच्या लग्नात ती मलाच परत आली. कशी आली वो?"

सोनूबाईंनी जांभळीचा पदर बघितला. मग आभाळ बघितलं. "नणंदेला दिल्ती मी," त्या हळूच म्हणाल्या, आणि दोघी अशा हसल्या की तांब्यातलं पाणी निम्मं सांडलं.

हसता हसता सोनूबाई खाली वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. त्यांचं माहेर मेंढरांचं, बालपण कळपामागं गेलेलं. एका रोपाच्या तुटक्या टोकावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"इहीनबाई, हे रोह्याचं काम न्हाई. रोही काय, शेळी काय, त्याला वरचे दात नसत्यात पुढं. ते हिसडा मारतंय, टोकाच्या चिंध्या होत्यात. हे बघा, इळ्यानं तिरपं कापल्यावानी. अन् बुडाची साल बी कुरतडली."

"मंग कोन?"

त्यांनी मातीतून दोन गोल लेंड्या उचलल्या. "ससा. तुमच्या साड्या जमिनीपास्नं गुडघाभर वर. ते खालून मांडवात आल्यावानी येतंय, जेवतंय अन् जातंय."

"आहेर बी न देता," मी म्हणालो.

"बुडाला कापड गुंडाळा. ढिलं. निंबोळीच्या पान्यात बुचकळून. कडू लागलं की तोंड घालनार न्हाई. पन हे झगमग नायलॉन नको, साल उबून सडती त्यात. नेसून नेसून मऊ झालेलं सुती पाहिजे."

जयवंताबाईनं शेतातल्या घरापुढच्या दोरीकडं बघितलं, मग स्वतःच्या अंगाकडं. "तेवढ्या दोनच हायेत मला."

"झाडं जास्त का साड्या जास्त?"

तिनं दोरीवरची साडी काढली, दातानं काठ तोडला आणि टर्रकन फाडली. ती अर्ध्या बागेला पुरली. मग सोनूबाईंनी कुंपणाची आपली साडी स्वतः सोडवली, काटे काढले, आणि विहिणीच्या हातात दिली. "आता तरी मोडा घडी. अंगावरची उरलेल्या बागेला लागंल."

रोपं वाचली का, ते आताच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. वाचली. पाडव्याला सगळ्यांना नवी पालवी होती आणि नांगर गोठ्यातच राहिला. ससा रागानं सोनूबाईंची तक्रार करायला वाटूरपर्यंत गेला होता असं मी सांगत असतो, ते सोडून द्या.

पण त्या दिवशीचं राहिलं. ऊन कललं तेव्हा सोनूबाई शेवटच्या ओळीला पट्ट्या बांधत होत्या, मी आयत्या पट्ट्या पुरवत होतो. इंद्रभान मोटरसायकल लावून बांधावर आला. पुढं एक बाई पाठमोरी वाकलेली. कोरी पोपटी साडी, उन्हानं एका बाजूला विटलेली.

"राम राम बाई," तो अदबीनं म्हणाला. "कुनीकडून आल्या?"

सोनूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी पहिल्यांदाच गप्प बसलो.

जयवंताबाई वळली. इंद्रभानच्या हातातली किल्ली हातातच राहिली.

"इथलीच हाये," ती म्हणाली. "बाग बघून राह्यले."

मग तिनं नवा पदर जुन्यासारखाच कमरेला खोचला, गुडघे मातीत टेकले, आणि आपल्या जुन्या साडीची गाठ रोपाला जाच होणार नाही एवढी सैल करून दिली.