चिकटलेलं शेवटचं पान

मित्रांनो, मी एक जुना भयकथासंग्रह आहे. पण भिऊ नका, चावत नाही. सक्करदऱ्याच्या एका बुद्धविहारातल्या वाचनालयात माझा मुक्काम असतो. परदेशातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या कथा कुणीतरी मराठीत आणल्या आणि माझा जन्म झाला. नवा होतो तेव्हा काय थाट होता माझा! मुखपृष्ठावर काळाकुट्ट किल्ला, वर पिवळा चंद्र. मुलं मला हात लावायला कचरायची.

इथे रविवारी वंदना झाली की कुणीतरी एक गोष्ट मोठ्याने वाचतं. मग तिचा शेवट आपल्याला कसा कळला, ते प्रत्येकाने सांगायचं, अशी रीत आहे. माझी शेवटची कथा सर्वांच्या आवडीची. जहाज बुडून मुलगा गेला, अशी बातमी एका आईला येते. वर्षभराने एका वादळी संध्याकाळी तिच्या दारावर थाप पडते. ती उठते, कडीला हात लावते. बस्स, कथा तिथेच थांबते.

खरं तर थांबत नाही हो! माझी शिवण उसवली तेव्हा वाचनालय सांभाळणाऱ्या रुपरावांनी मोठ्या मायेने मला नवा पुठ्ठा चढवला आणि त्या भरात खळ फासून माझं शेवटचं पानच पुठ्ठ्याला चिकटवून टाकलं. कुणाला पत्ता नाही! उलट, "काय शेवट आहे! वाचकावर सोपवला," म्हणत माणसं माना डोलवायची. मी आपला आतल्या आत गुदमरत होतो.

दार उघडावं की नाही, यावर दर वेळी वाद व्हायचा. अंजनाबाईंचं मात्र ठरलेलं असायचं, "उघडू नये. गेला तो गेला." त्यांचा अंकुश स्वतःच्या मर्जीने लग्न करून पुण्याला निघून गेला होता. तेव्हापासून 'माहा पोरगा मेला' असं त्या चारचौघांत सांगायच्या. त्याचा फोन आला की कापून टाकायच्या.

यंदाच्या उन्हाळ्यात कूलरचं पाणी माझ्यावर उडालं आणि खळ सुटली. रविवारी वाचायला बसलेल्या दीप्तीने हलक्या हाताने ते पान सोडवलं.

"अगं बाई! कथा अजून बाकी आहे."

सगळे सरसावून बसले. तिने वाचलं. आई दार उघडत नाही. मेलेला मुलगा कसा येईल, म्हणून ती कडी घट्ट धरून बसते. थाप थांबते. सकाळी बर्फात पावलांचे ठसे दिसतात, दारापर्यंत आलेले आणि तिथूनच परत फिरलेले.

"म्हणजे भूतच होतं," रितिका हळूच म्हणाली.

"भूतबित काही नसते," शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले मधुकरराव म्हणाले. "आपण मानतो का? मंग बर्फात पाय कोणाचे उमटले? जित्या माणसाचेच ना! बातमी खोटी होती. पोरगा घरी आला होता. त्यानं हाक मारली असंल, वाऱ्यात ऐकू आली नसंल."

बाप रे! इतकी वर्षं ते पान माझ्या पोटात होतं, पण हा अर्थ मला कधी सुचला नव्हता. लिहिणाऱ्याला तरी सुचला होता की नाही, कोण जाणे. माझ्यात एवढं काही दडलं आहे, याचंच मला नवल वाटत राहिलं.

"दीप्ती, ते पायाचं आणखी एकदा वाच वं," अंजनाबाई म्हणाल्या.

दीप्तीने वाचलं. अंजनाबाईंनी पिशवीतून फोन काढला. नंबर दोनदा चुकला, शेवटी रितिकाने लावून दिला.

"अंकुश, मी बोलून राहिली. जेवला का रे?" मग कितीतरी वेळ त्या नुसत्याच ऐकत होत्या. "रडू नको. घरी ये. सुनेले घेऊन ये."

मित्रांनो, मला पाण्यापासून जपा, खळ लावताना पानं मोजून घ्या. आणि शेवट वाचून झाला की मला लगेच मिटू नका. शेजारी बसलेल्याला त्यात काय दिसलं, तेही विचारा.